सल्ला हवाय: छोट्या धंद्याचं ऑनलाइन मार्केटिंग एजन्सीला द्यावं की स्वतः करावं?

बॉबिन
मंडळी नमस्कार. आम्ही तिघं मिळून बॅगा शिवतो, लॅपटॉपच्या, कॅमेऱ्याच्या, सायकलला अडकवायच्या, आणि जवळपास सगळं काम गिऱ्हाइकाचं सामान मोजून ऑर्डरप्रमाणे. आत्तापर्यंत एकाने दुसऱ्याला सांगितलं की तो यायचा, त्यावर चाललं, पण आता नवीन माणूस येणं मंदावलंय. इन्स्टा आहे, फेसबुक पेज आहे, व्हॉट्सॲपला स्टेटस टाकतो, लाइक्स पण येतात पण ते एकतर नातेवाइकांचे नाहीतर दुसऱ्या बॅगवाल्यांचे. एका एजन्सीने महिन्याला ३० पोस्ट, ८ रील्स आणि तीन महिन्यांत १० हजार फॉलोअर्सची गॅरंटी असं पॅकेज सांगितलंय. आमच्यातल्या एकाला रोज साधारण तासभर काढता येईल, त्याहून जास्त नाही. कुठून सुरू करू? जाहिरातीला पैसे लावू का? आणि ही एजन्सी?

आडवा_तिडवा
फॉलोअर्सची गॅरंटी म्हटलं की चहा संपवून उठायचं. असे फॉलोअर विकत मिळतात, इन्स्टाच्या नियमात ते बसत नाही आणि खोटी अकाउंटं सापडली की ते काढूनही टाकतं. एजन्सीला एकच विचारा, चौकशा किती आणून देणार? उत्तर द्यायच्या आधी घसा खाकरेल बघा.

भिंगरी
सगळ्या एजन्स्या तशा नसतात हो, पण तुमच्या कामाला आत्ता एजन्सी नको असं माझंही मत. महिन्याला ३० पोस्ट टाकायला तुमच्याकडे रोज नवीन सांगण्यासारखं आहे का? नसेल तर ते शुभ सकाळ आणि आज जागतिक अमुक दिन असलं टाकणार.

आधी हे बघा की माणूस तुम्हाला शोधतो कुठे. कॅमेरा बॅग शिवून हवी असलेला माणूस इन्स्टा उघडून बसत नाही, तो गूगलवर टाइप करतो. त्यामुळे पहिला तास गूगल बिझनेस प्रोफाइलला द्या, म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर दुकानाची जी माहिती दिसते ती (पूर्वी गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं). फुकट आहे, व्हेरिफिकेशनला बऱ्याचदा जागेचा व्हिडिओ मागतात. कॅटेगरी नीट निवडा, वेळा खऱ्या टाका, फोटो स्वतःच्या कामाचे टाका, नेटवरून उचललेले नकोत. आणि बॅग हातात पडल्यावर खूश असलेल्या गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे रिव्ह्यूची लिंक पाठवा, आठवड्याने पाठवली तर कोणी लिहीत नाही. मात्र रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, गूगलला ते चालत नाही, रिव्ह्यू उडतात.

दुसरं, व्हॉट्सॲप साधं वापरत असाल तर बिझनेस ॲप घ्या. कॅटलॉग, ठरलेली उत्तरं, बंद असतानाचा मेसेज, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे लेबलं. नवी चौकशी, माप घेतलं, ॲडव्हान्स आला, एवढी तीन लेबलं लावली तरी कोणाला परत फोन करायचा राहिलाय ते दिसतं. माझ्या मते निम्मा धंदा इथेच गळतो, नवीन गिऱ्हाईक आणायला पैसे घालायचे आणि आलेल्याला दोन दिवस उत्तर नाही.

उंटावरचा
भिंगरी, गूगल प्रोफाइलबद्दल एक दुरुस्ती. नुसतं कुरिअरने माल पाठवणाऱ्याला ते मिळत नाही, गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष भेट व्हायला हवी असा नियम आहे. बॉबिन, लोक तुमच्याकडे येतात ना? घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देता ते दाखवता येतं, पण ते तुम्ही त्यांच्याकडे जात असाल तर.

बॉबिन
येतात, सामान घेऊनच येतात कारण माप घ्यावं लागतं. प्रोफाइल बघितलं तर कोणीतरी आधीच बनवून ठेवलंय, वेळ चुकीची आणि फोटो समोरच्या भिंतीचा 😀

भिंगरी
मग त्यावरच मालकी हक्काचा क्लेम करा, नवीन बनवू नका, दोन झाली की घोळ.

हिशेबनीस
जाहिरातीचं मी सांगतो. पोस्टखालचं ते बूस्टचं बटण (पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) तात्पुरतं विसरा. ते सोपं आहे म्हणून सगळे दाबतात, पण नेमकं काय हवंय हे ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती लावायच्या पानावर, जास्त नीट सांगता येतं, आणि मशीन तुम्ही सांगाल तेच आणून देतं. एंगेजमेंट (लाइक, कमेंट) मागितलं तर लाइक करणारी माणसं आणून देईल, आणि ती तुमच्याकडे आहेतच. तुम्हाला मेसेज हवेत, म्हणून जाहिरातीवर टिचकी मारली की थेट व्हॉट्सॲप उघडेल अशी जाहिरात लावा. आयफोनवरच्या ॲपमधून बूस्ट करत असाल तर आणखी एक गंमत, २०२४ पासून ॲपलची ३० टक्के फी वर लागते, तेच ब्राउझरमधून केलं तर लागत नाही.

मग धीर धरा. मेटाचं (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) गणित असं की एका ॲड सेटला, म्हणजे एकाच बजेटवर चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्यात साधारण ५० रिझल्ट (तुमच्या बाबतीत मेसेज) मिळाले की जाहिरात कोणाला दाखवायची हे मशीनचं शिकणं पुरं होतं, आणि बजेट बारीक असलं की तेवढे मिळतच नाहीत, त्यात लोक पाच वेगवेगळ्या जाहिराती लावून रोज काहीतरी बदलत बसतात, की शिकणं परत पहिल्यापासून. एकच सेट ठेवा आणि हात लावू नका.

मोजायचं कसं, तर स्क्रीनवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. २०२१ मध्ये आयफोनने ट्रॅकिंगला (ॲपने माणूस बाहेर काय करतो याचा माग ठेवायला) परवानगी विचारायला सुरुवात केली तेव्हापासून ते आकडे अर्धवटच आहेत. वहीत चार रकाने करा, चौकशी कुठून आली, ऑर्डर झाली का, किती रकमेची, आणि त्या महिन्यात जाहिरातीला किती गेले. प्रत्येकाला तोंडी विचारायचं, आमच्याबद्दल कुठे कळलं? कंटाळवाणं आहे पण याच्यापुढे कुठलंही डॅशबोर्ड टिकत नाही.

दुसरे बॅगवाले काय करतात ते बघायचं असेल तर मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, कोणाच्याही चालू जाहिराती दिसतात. जी बराच काळ चालू आहे ती बहुतेक परवडतेय म्हणूनच चालू आहे.

आडवा_तिडवा
किंवा मालक बंद करायला विसरलाय.

हिशेबनीस
तेही असतं 🙏

टाका_दोरा
मी रील्सवाली, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते. तुमच्याकडे जे आहे ते भल्याभल्यांकडे नाही, प्रत्यक्ष काम. चेन कशी बसवतात, पट्टा कुठे फाटतो आणि तिथे दुहेरी शिलाई का घालायची, पाणी ओतून आतला कागद कोरडा राहिला का, जुनी फाटलेली बॅग उलटी करून आतून कशी निघाली. हे दाखवायला चेहरा लागत नाही, हात पुरतात. विषय संपले असं वाटलं की व्हॉट्सॲपच्या चौकशा उघडायच्या, लोक जे वारंवार विचारतात (धुता येते का, किती वजन पेलते) त्या प्रत्येकाचं एक रील होतं, आणि मग तीच लिंक पुढच्या चौकशीला उत्तर म्हणून पाठवता येते. म्हणजे व्ह्यूज नाही आले तरी मेहनत वाया नाही. एका दिवशी बसून चार-पाच शूट करा आणि मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाची अकाउंटं सांभाळायचं साधन) शेड्यूल करा, तेही फुकटच आहे.

गाण्यांचं जपा. बिझनेस अकाउंटला चालू गाणी बरीचशी मिळत नाहीत, आणि कुठूनतरी लावली तर आवाज उडतो किंवा रीलच जातं. मशीनचा आवाज ठेवा की, छान वाटतो.

कॅप्शनमध्ये नुसते हॅशटॅग नकोत, माणूस शोधताना जे शब्द टाइप करेल ते साध्या वाक्यात लिहा. २०२५ पासून इन्स्टाच्या प्रोफेशनल (बिझनेस किंवा क्रिएटर) अकाउंटच्या पब्लिक पोस्ट गूगलवरही दिसायला लागल्यात.

उंटावरचा
सगळं इन्स्टा-फेसबुकवर ठेवू नका एवढंच. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो का? फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद, आणि ज्यांचा सगळा धंदा तिथेच त्यांच्या हातात काहीच नाही. गिऱ्हाइकांचे नंबर आणि ईमेल, त्यांना विचारून, स्वतःच्या शीटमध्ये ठेवा. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर (एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) फार भिस्त नको, एका यादीत २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला तो पोचतच नाही. म्हणून बॅग देतानाच सांगायचं, नंबर सेव्ह करा, दुरुस्ती लागली तर कळवा.

बॉबिन
सगळ्यांचे आभार, एजन्सीला "नको" म्हणून कळवलंय. आधी प्रोफाइल क्लेम करतो, लेबलं लावतो, रील्स दर रविवारी एकत्र शूट करू असं ठरलंय. जाहिरात लावायला महिनाभर थांबतो, आधी आलेल्या चौकशांना वेळेत उत्तरं जातात का ते बघू. एक शंका, माझा आत्ताचाच नंबर बिझनेस ॲपला चालेल का? त्यावर घरचे सगळे ग्रुप आहेत.

भिंगरी
चालेल, चॅट पण तिकडे येतात, पण मग तो नंबर साध्या व्हॉट्सॲपवर राहणार नाही, एका वेळी दोन्हीकडे नाही चालत. धंद्याला वेगळं सिम घ्या, एकाच फोनमध्ये दोन्ही ॲप राहतात. नाहीतर लेबलं लावताना मावशी "नवी चौकशी"मध्ये जायची.