मदत हवी आहे: धुतल्यावर लाल रंग पांढऱ्यावर उतरला, प्रदर्शन तीन आठवड्यांवर

आमच्या गटाने मिळून केलेला क्विल्ट (कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी) प्रदर्शनासाठी निवडला गेलाय. टाक्यांसाठी आखलेल्या निळ्या पेनाच्या खुणा घालवायला काल तो गार पाण्यात धुतला आणि लाल चौकोनांचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला. कडेकडेने फिकट गुलाबी ढग दिसतात. एका ठिकाणी तर पांढऱ्या दोऱ्याचा टाकाही गुलाबी झालाय. बघवत नाही.

आकार ६० बाय ६० इंच, सगळं कापड सुती, टाके हाताचे. लाल कापड आधी धुतलं नव्हतं, चूक तिथेच झाली. आत सुती बॅटिंग (मधला भरावाचा थर) आहे, तीही न धुतलेली.

रंग शोषणाऱ्या शीट घालून दोनदा गार पाण्यात धुतला. शीट गुलाबी झाल्या, डाग जेमतेम फिके झाले. निळ्या खुणा मात्र पूर्ण गेल्या आहेत. क्विल्ट अजून ओलाच ठेवलाय, इस्त्री किंवा ड्रायर लावलेला नाही. ब्लीच नको, लालही उडेल.

भांड्यांच्या लिक्विड साबणाच्या गरम पाण्यात, साधारण ६० अंशांवर, बारा तास बुडवून ठेवायचा उपाय मला माहीत आहे. भीती आकसण्याची. अशी बॅटिंग ३ ते ५ टक्के आकसते, आणि अर्जात दिलेल्या मापात एका इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही.

हाताने टाके घातलेला क्विल्ट कुणी असा गरम पाण्यात बुडवलाय का? ओला असतानाच ताणून, पिना लावून वाळवला तर माप परत येतं का?