शेवाळ वाढलं की ‘एमराल्ड सोडा’ : हा सल्ला सोलापुरात तरी बंद करा

खारं_पाणी
रीफ टँकमधल्या (खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीतल्या) शेवाळाचा फोटो पडला रे पडला की खाली ठरलेलं उत्तर येतं, एक एमराल्ड (शेवाळ खाणारा हिरवा) खेकडा सोडा. मला हे पटत नाही. खेकडा खातो आणि तिथेच हगतो. शेवाळाचं खत, म्हणजे फॉस्फेट, टाकीतलं टाकीतच राहतं, फक्त जागा बदलतं.

आपल्याकडे मूळ दुखणं बहुतेक वेळा टाकीसाठी पाणी गाळणाऱ्या आरओत सापडतं. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे आरओ जोडलेला गच्चीवरच्या टाकीला. टाकी दहा मीटर उंच असली तरी दाब जेमतेम १४ पीएसआय, आणि आरओच्या मेम्ब्रेनला (गाळणाऱ्या पडद्याला) हवा ५०-६०. बूस्टर पंप नसला की वाया जाणारं पाणी वाढतं आणि गाळणं सुमार होतं. समजा आत ६०० टीडीएस (विरघळलेले क्षार) येतंय. मेम्ब्रेनने ९५ टक्के अडवलं तरी ३० उरतं, आणि ते सगळं डीआय रेझिनच्या (आरओनंतरच्या शेवटच्या गाळणीच्या) माथी. रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी सुटतं, ते टीडीएस मीटरला नीट दिसतच नाही. मीटर शून्य दाखवतोय आणि त्या सिलिकेटवर पोसून वाळूवर तपकिरी थर चढतोय, तर आधी रेझिन बदला. खेकडा त्या थराला काय करणार?

हुरडा_आणि_हर्मिट
अहो, सगळ्या शेवाळाला एका तराजूत कशाला घालता? तपकिरी थराला खेकडा लागत नाही, कबूल. पण बबल अल्गीचं, त्या फुग्यांसारख्या शेवाळाचं, काय? नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमवर आणलं तरी ते हिरवे मणी दगडाच्या सांध्यात ठाण मांडून बसतात. तिथे चिमटा जात नाही, एमराल्डचा आकडा (नांगी) जातो. त्याच्या आकड्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात, दगड खरवडायलाच केलेली.

निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. पाठ दोन सेंटिमीटरच्या आसपास, शक्यतो मादी. उलटा करून पोटाखालची झडप बघायची : रुंद गोलसर असेल तर मादी, अरुंद टोकदार असेल तर नर. मोठ्या नराचे आकडे भारी होतात, मग तो शेवाळ सोडून बाकीचे उद्योग करतो. दोनशे लिटरला एक पुरे. दोन नर तर नकोच, एकाचे पाय तुटणार.

काचेचा_ग्लास
‘बाकीचे उद्योग’ एवढ्यात उरकलंत, खरा मुद्दा तोच आहे की! शेवाळ संपल्यावर तो खेकडा काय खातो? झोआंथिड (फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे नातलग), झोपलेला छोटा मासा, गोगलगाय. बरं, तो रात्री फिरतो, त्यामुळे सकाळी त्यांची फुलं (पॉलिप) मिटलेली दिसतात आणि दोष जातो लाइटला. उपाशी ठेवला तर करणारच. ज्यांना ठेवायचाय त्यांनी शेवाळ संपत आल्यापासून आठवड्यातून दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) दोन बोटांएवढा तुकडा रबर बँडने दगडाला बांधून त्याच्या बिळाजवळ ठेवावा.

दुसरं, हिरवा दिसला की एमराल्ड समजू नका. खरा एमराल्ड कॅरिबियन समुद्राकडचा, त्यामुळे महाग, आणि त्याच्या नावाखाली पिशवीत काहीही येतं. आकड्यांची टोकं काळी आणि अणकुचीदार, अंगावर केस, असं असेल तर घेऊ नका. लाइव्ह रॉकमधून (समुद्रातल्या जिवंत दगडांतून) फुकट आलेले खेकडे बहुतेक त्याच जातकुळीचे असतात.

काढायचा असेल तर दगड उपसू नका. सरळ बाजूचा काचेचा ग्लास दगडाला टेकवून तिरका ठेवा, तळाशी कोळंबीचा तुकडा, लाइट बंद. आत घसरतो, गुळगुळीत काचेवर चढता येत नाही. सकाळी ग्लासासकट बाहेर.

चाटी_गल्ली_रीफ
मणी फोडण्याबद्दल कुणीच बोललं नाही. पिकलेल्या मण्याच्या आत पुढची पिल्लं असू शकतात. खेकडा तो टाकीतच फोडतो, म्हणजे पेरणीच झाली! हाताने काढणं बरं : दगड निघत असेल तर टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरून बुडाशी बोथट स्क्रू-ड्रायव्हर घालून मणी मुळासकट उचकटायचा, मग दगड झटकून परत. निघत नसेल तर सहा मिलिमीटरच्या नळीच्या तोंडाला कडक स्टीलची नळी बसवून खरवडत खरवडत सायफन करा, म्हणजे फुटलं तरी बाहेर जातं.

हुरडा_आणि_हर्मिट
मोठे मणी हाताने, बारीक खेकड्याने. मोठा गुळगुळीत मणी त्याच्या आकड्यात मावतच नाही. ‘पेरणी’ची भीती जरा जास्तच आहे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) चालू असेल तर बरंचसं तिथे अडकतं. सॉक मात्र तीन दिवसांत बदला, नाहीतर तोच नायट्रेटचा कारखाना.

काचेचा_ग्लास
आणि तुमच्या नावातल्या हर्मिटचं, त्या रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्याचं? निळ्या पायांचे हर्मिट शंखासाठी गोगलगाय मारतात. एका हर्मिटमागे दोन-तीन रिकामे शंख, थोड्या मोठ्या मापाचे, टाकून ठेवले तर खून कमी होतात, थांबत नाहीत. काच आणि दगड साफ करायला त्यापेक्षा ट्रोकस गोगलगाय बरी, उलटी पडली तरी स्वतः सरळ होते.

खारं_पाणी
बबल अल्गीपुरतं हुरडा यांचं मान्य. पण एप्रिल-मेमध्ये नवा खेकडा आणू नका, हे तरी ऐका. बाहेर पारा चाळिशीपार, टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की पाण्यात ऑक्सिजन घटतो. आपल्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, ही एक चैन आपल्याला आहे. पण त्याची किंमत बाष्पीभवनात. दोनशे लिटरमधून रोज पाच लिटर उडालं आणि तीन दिवस भरलं नाही, तर क्षारता हजारी ३५ वरून ३८ च्या जवळ. भरताना साधं आरओ पाणीच, मीठ घालायचं नाही. त्यात नुकती कात टाकलेला खेकडा असेल तर गेलाच.

तांबड्या_मिठाचा
कात म्हणजे तो रिकामा सांगाडा? टाकीत आख्खा खेकडा उलटा पडलाय, मेला समजून काढणार होतो.

हुरडा_आणि_हर्मिट
थांबा! मागची बाजू उघडलेली आणि आत पोकळ असेल तर ती कात आहे. तशीच राहू द्या, तो ती परत खातो. खरा खेकडा चार-पाच दिवस कपारीत लपेल, अंग मऊ असतं. जड, भरलेला आणि घाण वास येणारा असेल तर मात्र लगेच काढा.

चाटी_गल्ली_रीफ
आणि पूर्वी त्या टाकीत माशांना तांब्याचं औषध दिलं असेल तर खेकड्याचा नादच सोडा. दगड आणि सिलिकॉन ते धरून ठेवतात.

तांबड्या_मिठाचा
पोकळ निघाला, मागून उघडा. नवा खेकडा पुण्याहून बसने पार्सल आला तर सवय व्हायला पिशवीत टाकीचं पाणी थेंब-थेंब किती वेळ सोडायचं?

खारं_पाणी
इथे पुन्हा भांडण लागेल. रात्रभराच्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो आणि पिशवी उघडली की पीएच चढून तो जास्त विषारी होतो. त्यामुळे दोन तास ठिबकत ठेवू नका. आधी पिशवीची क्षारता मोजा, दुकानं बऱ्याचदा १.०२० वर (घनतेच्या मापात) ठेवतात. टाकी १.०२५ असेल तर सेकंदाला दोन-तीन थेंब, ४०-४५ मिनिटं, पाणी दुप्पट झालं की अर्धं फेकून पुन्हा तेवढंच. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

काचेचा_ग्लास
आणि ग्लास धुऊन ठेवा, लागेल.