पाण्याच्या मीटरचं मशीन परत बंद

ए-२०३: नमस्कार. या महिन्याचं पाण्याचं रीडिंग अजून झालेलं नाही असं वॉचमन सांगतोय. मागच्या वेळी सरासरी बिल लावलंत, आम्ही घरात दोघंच आणि बिल माणसांनी भरलेल्या घराएवढं. यावेळी पण तेच होणार असेल तर कमिटीने आत्ताच सांगावं.

सेक्रेटरी: नमस्कार काका. रीडिंग घ्यायच्या हातातल्या मशीनमधलं मेमरी कार्ड गेलंय. लगेच नवीन मागवलं, चांगलं ६४ जीबीचं, पण मशीन "कार्ड नाही" एवढंच दाखवतंय. बघतोय आम्ही.

बी-५०१ काकू: जुनं कार्ड कुठे आहे? आधी त्यातलं रीडिंग काढून घ्या.

ए-१०४: मशीनच बदला की आता, किती वर्षं तेच ओढणार, मी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, बोललो होतो.

खजिनदार: एजीएममध्ये तुम्ही लिफ्टबद्दल बोलला होतात. मिनिट्समध्ये आहे.

सी-४०२: साहेब, कार्डाचा आणि मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो टाकाल का प्लीज? मशीन जुनं असेल तर ६४ चालणारच नाही असं वाटतंय.

डी-३०१: माझ्या स्टीम डेकला, गेम खेळायच्या मशीनला, ५१२ जीबीचं मस्त चालतं ताई. ए२ लिहिलेलं घ्या, फास्ट असतं.

सी-४०२: अरे तुझं मशीन २०२२ किंवा त्यानंतरचं. आपल्याला वेगाशी काही घेणंदेणं नाही, एका फ्लॅटची एक ओळ साठवायचीय. क्लास १०, यू३, ए२ हे सगळं वेगाचं. आपला प्रश्न मशीन कार्डाला ओळखतंय का हा आहे.

(सेक्रेटरींनी दोन फोटो टाकले)

सी-४०२: हे बघा, नवीन कार्डावर एसडीएक्ससी लिहिलंय आणि मशीनच्या स्टिकरवर २००४. एसडी कार्ड १९९९ साली आलं, ते साधं एसडी २ जीबीपर्यंतच. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत, आणि २००९ मध्ये त्याच्या पुढचं एसडीएक्ससी. तिन्ही आकाराने सारखीच, त्यामुळे खाचेत बसतं आणि आपल्याला वाटतं चालायला पाहिजे. पण मशीन बनलं तेव्हा एसडीएचसी पण नव्हतं.

ए-२०३: म्हणजे सोसायटीच्या पैशाने चुकीची वस्तू आली.

सेक्रेटरी: काका मोठं कार्ड म्हणजे जास्त दिवस पुरेल म्हणून घेतलं. परत करता येतंय.

बी-५०१ काकू: जुनं कार्ड कुठे आहे? मी मघाशी पण विचारलं. त्यात अर्ध्या सोसायटीचं रीडिंग आहे.

डी-३०१: मग ६४ मध्ये २ जीबीचं पार्टिशन, म्हणजे वेगळा भाग, करू की, मशीनला २ च दिसेल.

सी-४०२: नाही होत. फॉरमॅट ही नंतरची गोष्ट. कार्ड सुरू होतानाच मशीनने सांगावं लागतं की मला मोठी कार्डं कळतात. जुनं मशीन ते सांगतच नाही, त्यामुळे कार्ड तयारच होत नाही, पार्टिशन बघायची वेळच येत नाही. शिवाय जुन्या पद्धतीत कार्डावरची जागा एकेक बाइट मोजून सांगतात, नवीन कार्डं ५१२ बाइटच्या ठोकळ्यांनी मोजतात. दोघांचे पत्तेच वेगळे.

ए-१०४: पत्त्यावरून आठवलं, माझं कुरियर परत बी विंगमध्ये गेलंय, ज्यांनी घेतलं त्यांनी खाली ठेवावं.

बी-२०२: आम्ही घेतलं, फोन केला, तुम्ही उचलला नाही.

ए-१०४: मिस्ड कॉल दिसत नाहीये.

खजिनदार: कृपया विषयावर रहा.

डी-१०२ काका: त्या कार्डाच्या बाजूला छोटी पट्टी असते लॉकची. ती खाली सरकली असेल बघा, माझ्या कॅमेऱ्याला व्हायचं तसं.

सी-४०२: काका लॉक असलं तर लिहिता येत नाही, पण कार्ड दिसतं तरी. इथे दिसतच नाहीये. पण तुमचा तो जुना कॅमेरा अजून आहे का? त्यातलं कार्ड किती जीबीचं?

डी-१०२ काका: आहे. बघतो. फोटो आहेत त्यात नातवाच्या मुंजीचे.

सेक्रेटरी: मायक्रोएसडी अॅडॉप्टरमध्ये घालून चालेल का? ते ३२ चं आहे माझ्याकडे.

सी-४०२: अॅडॉप्टर म्हणजे नुसते तारांचे जोड साहेब, आतलं कार्ड जे आहे तेच राहतं. ३२ चं मायक्रो एसडीएचसीच. मायक्रो घ्यायचंच तर २ जीबीचं किंवा त्याहून लहान, आणि त्यावर नुसतं एसडी लिहिलेलं, एचसी एक्ससी काही नको.

बी-५०१ काकू: तिसऱ्यांदा विचारते. जुनं कार्ड कुठे आहे? कुणी फॉरमॅट करू नका. मशीन फॉरमॅट करू का विचारतं आणि वॉचमन हो दाबतो.

सी-४०२: काकू बरोबर सांगतायत, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या कार्डावर आता काहीही लिहू नका. फॉरमॅट झालं असेल तरी लगेच धीर सोडू नका, साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा यादी पुसली जाते, आतला मजकूर राहतो, पण वर नवीन लिहिलं की गेला.

खजिनदार: कार्ड माझ्याकडे आहे, पाकिटात ठेवलंय. कुणी हात लावलेला नाही.

बी-५०१ काकू: हे पहिल्याच वेळी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

खजिनदार: ऑफिसमध्ये होतो काकू, पगार तिथला मिळतो.

ए-२०३: कमिटीची भाषा बघा सगळ्यांनी.

सेक्रेटरी: हात जोडून विनंती, आज नको.

डी-१०२ काका: कार्ड १ जीबीचं आहे. वर एसडी एवढंच लिहिलंय. मुलाने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, तपासूनही बघितले. घेऊन जा.

सी-४०२: काका उत्तम! साहेब, कॉम्प्युटरवर फॉरमॅट करताना "फॅट" निवडा, "फॅट३२" किंवा "एक्सफॅट" नको. आणि बाहेरून २ जीबीचं अजून एक घेणार असाल तर पूर्ण भरून परत वाचून बघा, एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जागा कमी असून जास्त लिहिलेल्या खोट्या कार्डाचं पितळ उघडं पडतं.

(रात्री)

सेक्रेटरी: १ जीबीचं कार्ड मशीनने लगेच ओळखलं. ताई, डी-१०२ काका, मनापासून आभार. जुनं कार्ड ताईंच्या लॅपटॉपवर वाचता आलं, ए आणि बी विंगचं रीडिंग पूर्ण मिळालं.

ए-२०३: म्हणजे सरासरी लागणार नाही. लेखी द्या.

सेक्रेटरी: ग्रुपवर लिहितोय काका, यावेळी कुणालाही सरासरी लागणार नाही.

बी-५०१ काकू: आणि मागच्या महिन्यातली?

खजिनदार: ती कमिटी मीटिंगमध्ये घेऊ.

सी-४०२: एक करा, रीडिंगची फेरी झाली की त्याच दिवशी फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवा. कार्डाच्या भरवशावर महिना काढू नका, कार्ड जुनंच आहे.

सेक्रेटरी: नक्की. उद्या सकाळी सी आणि डी विंगचं रीडिंग. डक्टच्या दारासमोरच्या कुंड्या ज्यांच्या असतील त्यांनी बाजूला कराव्यात.

ए-१०४: कुंड्या कुणाच्या ते सगळ्यांना माहितीये.