मदत हवी आहे: कॉन्फरन्स इंटरप्रिटिंगच्या मास्टर्सची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

चार वर्षं लेखी भाषांतर करतेय, आता बूथमध्ये, म्हणजे सभेतली भाषणं ऐकत लगेच दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या दुभाष्यांच्या बंद खोलीत, बसायचं वेड डोक्यात शिरलंय. जिनिव्हाचं एफटीआय आणि पॅरिसचं एसिट या दोन संस्थांवर डोळा आहे. अर्ज करण्याआधी काही शंका आहेत.

पहिली आणि मोठी शंका भाषांची. या क्षेत्रात ए म्हणजे मातृभाषेइतकी पक्की, बी म्हणजे जिच्यात कामापुरतं सफाईने बोलता येतं ती, आणि सी म्हणजे फक्त पूर्ण समजणारी भाषा. माझी इंग्रजी ए, फ्रेंच सी. संयुक्त राष्ट्रांच्या इंग्रजी बूथला (जिथून इतर भाषांतली भाषणं इंग्रजीत सांगतात) फ्रेंचसोबत स्पॅनिश किंवा रशियनही लागते, म्हणून स्पॅनिश शिकतेय, पण अजून कच्ची आहे. ती पक्की होईपर्यंत थांबू, की फ्रेंचलाच बी पर्यंत नेऊ?

दुसरं, प्रवेश परीक्षेत छोटं भाषण ऐकून लगेच दुसऱ्या भाषेत मांडायला लावतात. मी घरी सराव करते तेव्हा आकडे आणि नावं हमखास निसटतात. नोट्स घ्यायला गेले की ऐकणं सुटतं, नुसतं ऐकलं की तपशील जातो! आधी नोट्सशिवाय स्मरणाचाच सराव करावा का? आणि शॅडोइंगचा, म्हणजे ऐकता ऐकता तेच शब्द त्याच भाषेत मागोमाग बोलत जाण्याचा, खरंच उपयोग होतो का? मला तरी ती पोपटपंची वाटते.

बूथमध्ये दोघं-तिघं असतात आणि साधारण दर अर्ध्या तासाने माइक बदलतात, म्हणजे सरावालाही जोडीदार हवाच. कुणी तयार असेल तर कळवा. कोर्स केलेल्यांनी फी कशी जमवली तेही सांगा.