ग्रुप 'मोठ्या घरचे' : गोलूच्या गेमची बटनं

गोलू: विकीदादा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममधी स्क्रीनवरची बटनं हलवाची आहे मले, एल्व्हयूआय टाकू का बारटेंडर टाकू, यूट्यूबवर एक जण म्हणते हे टाक दुसरा म्हणते ते टाक, अन् एकानं तं ॲडऑनची एवढी मोठी यादी देली का वाचता वाचता थकलो

विकीदादा: यादी ठेव बाजूले. आधी सांग अडचण काय आहे. दिसाले खराब दिसते का हात पोचत नाई

गोलू: हात. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नाई ना कुट्टी मशीनच्या टायमापासून. एक ते पाच नंबर दाबतो कसेतरी, सहाच्या पुढं गेलो का पूर्ण हात उचला लागते अन् तोवर मेलो

मंदाआत्या: कोण मेलं??

गोलू: गेममधी वं आई

विकीदादा: मंग ॲडऑन नंतर पाहू. 2022 च्या ड्रॅगनफ्लाईट नावाच्या मोठ्या अपडेटपासून गेममधीच एडिट मोड आहे, एस्केप दाबलं का मेनूत दिसते. बार म्हणजे बटनांची ओळ उचल, पाहिजे तिथं ठेव, लहानमोठा कर, नाव देऊन सेव्ह कर. अन् की बदलाची असन तं ऑप्शनमधी क्विक कीबाइंड म्हणून आहे, तो चालू करून बटनावर माऊस नेजो अन् जी की पायजे ते दाबजो, झालं. सहाच्या जागी क्यू, सातच्या जागी ई, आठले आर, नऊले एफ, म्हणजे हात हलवाचंच काम नाई. माऊसच्या अंगठ्याकडची दोन बटनं असतीन तं तेही गेम सरळ घेते.

विकीदादा: अन् कॉम्बॅटच्या ऑप्शनमधी प्रेस अँड होल्ड आहे तो चालू कर, एकच की टकटक दाबाची गरज नाई, दाबून ठेवली तरी चालते. लोक हे पाहतच नाई अन् डायरेक्ट डाउनलोड करत सुटते.

पिंकीताई: 2025 मधी ते एका बटनाचं पण आणलं की रे, असिस्टेड वालं. पुढची चाल कोणती ते गेमच सांगते, हवं तर सगळं एकाच बटनावर घेता येतं. थोडं हळू चालतं, पण गोलूसाठी वाईट नाही.

गोलू: हळू नोको ताई 😅

अण्णाकाका: हे ॲडऑन ॲडऑन काय आहे? पैसे लागतात का? गोलूचे महिन्याचे पैसे कुठे जातात ते मला आता समजू लागलं आहे.

विकीदादा: काका महिन्याचे लागते ते गेमचे, ॲडऑन फुकटच असते, कंपनीचा नियमच आहे का विकाचे नाई. ट्रॅक्टर कंपनीचा अन् सीट-कव्हर आपण बाहेरून बसवतो तसं समजा. लोकंच लिहिते ते, लुआ म्हणून भाषा आहे त्यात.

अण्णाकाका: मग त्यात व्हायरस येत नाही कशावरून?

विकीदादा: बरोबर विचारलं. गोलू ऐक, ॲडऑनच्या झिपमधी लुआ, टॉक अन् एक्सएमएल अशा फाईली असते, चित्रं अन् आवाज असू शकते. ईएक्सई फाईल निघाली तं ते ॲडऑन नव्हेच, डिलीट मार. कर्सफोर्ज, वागो, डब्ल्यूओडब्ल्यू इंटरफेस ह्याच जागेवरून घेजो. एल्व्हयूआय टाकाचा असन तं टुकयूआयच्या साईटवरून. कोणी टेलिग्रामवर पाठवलं तं हात लावू नोको. अन् आपोआप लढून देते असं जो म्हणते ते बॉट असते, खातं बंद होते. ॲडऑनले तेवढी सूटच नाई, एक वेळ की दाबली तं एकच वार.

गोलू: मंग टाकू का नाई एल्व्हयूआय? फोटोत भारी दिसते

विकीदादा: दिसते भारी, पण ते पूर्ण स्क्रीनच बदलून टाकते, अन् तुले फक्त बटनांचं काम आहे. मोठा पॅच म्हणजे गेमचं अपडेट आलं का अर्ध्या गोष्टी बिघडते अन् कोणत्यानं बिघडलं तेच समजत नाई. एडिट मोडनं भागलं नाई तं बारटेंडर घे नाईतं डोमिनोज, दोन्हीपैकी एक. काम सारखंच, बार पाहिजे तेवढे, लढाई नसली का लपते. मले डोमिनोज हलकं वाटते, तुया जुन्या मशीनले तेच बरं.

पिंकीताई: आणि ओपाय बघ. एक की दाबून धरली की स्क्रीनवर गोल चक्र येतं, माऊस त्या दिशेला नेऊन की सोडली की काम झालं. घोडे, औषधं, असं जे कधीमधी लागतं ते सगळं मी चक्रात टाकलंय. गोलूचं उजव्या हाताचं काम चांगलं आहे ना मग हेच कर. मी हीलर, म्हणजे सोबत्यांना बरं करणारी, खेळते तेव्हा नुसतं माणसाच्या पट्टीवर क्लिक करून मंत्र मारते, ते आता गेममधीच आहे, क्लिक कास्टिंग म्हणून. आधी क्लिक नावाचं ॲडऑन लागायचं.

गोलू: अन् वीकऑराज, ते लढाईत इशारे दाखवते ते ॲडऑन?

विकीदादा: नोको, 2026 च्या मिडनाईट अपडेटमधी लढाईची माहिती ॲडऑनले वापरू देणं लय कमी केलं, वीकऑराजवाल्यानं तं काम थांबवतो म्हणूनच सांगितलं. जुने व्हिडिओ पाहून यादी करशीन तं असंच होईन, तारीख पाहत जाय.

विकीदादा: अजून एक, तुयं मशीन इन्व्हर्टरवर नाई ना? ॲडऑनची सेटिंग लॉगआउट झाल्यावरच डिस्कवर लिहिल्या जाते, नाईतं रीलोड केलं तं. तू तासभर बसून बटनं लावशीन अन् मधीच लाईन जाईन, सगळं पाण्यात. म्हणून थोडं थोडं लावलं का चॅटमधी स्लॅश रीलोड मारत जाय. अन् गेमच्या फोल्डरमधी डब्ल्यूटीएफ म्हणून फोल्डर आहे, त्याची कॉपी पेनड्राईव्हवर ठेवजो, सेटिंग तिथंच असते.

मंदाआत्या: लाईन आता रातीचीच देऊन रायले, दिवसा मोटार नाई चालत तं गेम कुठून चालन. अन् गोलू वावरात पाणी धरा लागते रातच्याले, विसरू नोको

गोलू: हो वं

गोलू: दादा एडिट मोड जमलं. क्यू ई आर एफ लावले, मस्त पोचते. पण अजून बटनं उरले

विकीदादा: शिफ्ट धरून तेच परत लाव, शिफ्ट क्यू, शिफ्ट ई, असं. दुप्पट झाले ना.

गोलू: शिफ्ट करंगळीनं दाबा लागते दादा

गोलू: तेच तं वाकत नाई

पिंकीताई: 🙈

विकीदादा: हाव रे. थांब. माऊसचं स्वतःचं सॉफ्टवेअर असन तं अंगठ्याकडचं एक बटन शिफ्ट करून टाक, धरून ठेवलं का शिफ्ट, सोडलं का गेलं. तेवढं चालते, एका बटनात चार की भरू नोको फक्त. माऊस कोणता आहे तुयाकडं?

गोलू: यवतमाळवरून आणला तो, दोनच बटनं अन् चाक

अण्णाकाका: माऊस केवढ्याचा येतो तो बटनवाला? मी उद्या यवतमाळला जातो आहे, पेन्शनचं काम आहे. मॉडेल लिहून पाठवा, मला तोंडी लक्षात राहत नाही.