वेस मॉन्टगोमेरीला आदरांजलीचा सेट: अंगठा, ऑक्टेव्ह, तारा आणि जूनची हवा

माटुंगा_मायनर

१५ जून हा पिकऐवजी अंगठ्याने वाजवणाऱ्या अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीचा स्मृतिदिन. त्या संध्याकाळी वांद्र्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये ४५ मिनिटांचा सेट आहे. गिटार, पियानो, बेस, ड्रम्स. गिटार सेमी-हॉलो (अर्धपोकळ), तारा दहाच्या (पहिली तार ०.०१० इंच) राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या, खरखरीत), आणि आतापर्यंतचं वाजवणं सगळं पिकने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने). हातात तीन महिने आहेत.

तेवढ्यात पूर्ण सेट अंगठ्याने वाजवण्याइतकी तयारी होईल का? ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) वाजवताना मधली तार बोलते, ती कशी गप्प करायची? तारा बदलल्या तर गिटारचं काय काय बदलावं लागेल? आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे त्याचे सोलो जसेच्या तसे वाजवावेत का?

चौथी_तार

तीन महिन्यांत अंगठा मध्यम लयीपर्यंत येतो. मेट्रोनोमवर २०० च्या पुढे येणार नाही, तेव्हा गाण्यांची लय अंगठ्याकडे बघून ठरवा. एखाद्या वेगवान गाण्याला पिक घेतलात तरी हरकत नाही, फक्त एकाच सोलोमध्ये अर्धं पिकने आणि अर्धं अंगठ्याने नको. आवाजाचा पोत मध्येच तुटतो.

उजव्या हाताची बाकीची बोटं पसरून पिकगार्डवर टेकवा. अंगठ्याच्या कडेचा मांसल भाग तारेला लागू दे, नख नको. तार ढकलून अंगठा पुढच्या तारेवर विसावला पाहिजे. जवळजवळ सगळे आघात वरून खाली. वेग डाव्या हाताने भरून काढायचा, म्हणजे हॅमर-ऑन, पुल-ऑफ, स्लाइड (अंगठ्याने न छेडता डाव्या बोटांनीच तार ठोकून, ओढून किंवा सरकून काढलेले स्वर). आठ स्वरांच्या ओळीत अंगठ्याचे चार-पाचच आघात असले तरी पुरतं, मात्र ते ऑफ-बीटवर पडतील असे ठेवा, नाहीतर स्विंग (जॅझचा डुलता ठेका) जातो. सुरुवातीला रोज १५ मिनिटं. फोड आला तर तो बरा होईपर्यंत अंगठा बंद, कारण दुखणारी जागा चुकवायला हात वळतो आणि तो वाकडा कोनच अंगवळणी पडतो.

आता ऑक्टेव्ह. सहावी तार सर्वात जाड, पहिली सर्वात बारीक. सहावी-चौथी आणि पाचवी-तिसरी या जोड्यांत वरचा स्वर दोन फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) पुढे, पहिलं आणि तिसरं बोट. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली या जोड्यांत तीन फ्रेट पुढे, पहिलं आणि चौथं बोट. मधली तार बोलते ती बहुतेक वेळा पहिलं बोट फार उभं असल्यामुळे. ते थोडं आडवं करा. बोटाचं पोट मधल्या तारेला नुसतं टेकलेलं हवं, आणि टोकाने शेजारची जाड तार शिवलेली हवी. इतक्या तारा डाव्या हाताने मुक्या झाल्या की अंगठा तीन-चार तारांवरून बेधडक फिरवता येतो, आणि वेसच्या ऑक्टेव्हचा तो भरीव ठोका तिथून येतो. दोनच तारा चिमटीत नेमक्या छेडल्या तर स्वर बरोबर असतात, पण ठोका जातो.

बी फ्लॅट मेजर स्केल आधी एकाच जोडीवर वर-खाली, मेट्रोनोम ६०, एका ठोक्याला दोन स्वर. नंतर तोच ठोका दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर धरा. सरकताना दाब सोडा, नजर पहिल्या बोटावर. पाचवी-तिसरीवरून चौथी-दुसरीवर जाताना हाताचा आकार बदलतो, सगळ्यात जास्त गडबड तिथे होते. तेवढी उडी वेगळी घोटा.

धोबीतलाव_वर्कबेंच

तारा बाराच्या फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेटोळ्याच्या) घ्या, तिसरी तार गुंडाळलेली हवी. वेसच्या तारा याहून जाड असत, पण तीन महिन्यांसाठी त्या मागे लागू नका, मनगट दुखवून घ्याल. धोबीतलावला जाण्याआधी दुकानात फोन करून गेज विचारा, काउंटरवर बहुधा दहा-अकराचे राउंडवाउंडच पुढे येतात.

दहावरून बारावर गेलात की ताण बराच वाढतो आणि नेक पुढे वाकते. ट्रस रॉड (नेकचा वाक काढणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच, मग एक दिवस थांबून बघा. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथे सहावी तार दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फ्रेट आणि तार यांत पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, विशेषतः तिसऱ्या तारेची, रुंद कराव्या लागतात. फक्त रुंद, खोल नाही. खाच अरुंद राहिली तर सूर लावताना टिंग असा आवाज होऊन तार एकदम उडी मारते. आणि तिसरी तार आता गुंडाळलेली असल्यामुळे तिची इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरचा सूर) जुन्या जागेवर चालणार नाही, ब्रिजवर तिचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) नव्याने लावून घ्या. बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची २ मिलिमीटर आणि सहावीची साधारण अडीच ठेवा. अंगठ्याने तार मोठ्या झोक्याने हलते, ॲक्शन (तारेची फ्रेटवरची उंची) खाली असेल तर खरखर ठरलेली.

१५ जून म्हणजे मुंबईत बहुधा पाऊस लागलेला. लाकूड ओल धरतं, नेक हलते, पूर्ण पोकळ गिटारचं टॉप फुगून ॲक्शन वर जाते. म्हणून शेवटचं सेटिंग मे महिन्यात उरकून मोकळे होऊ नका, कार्यक्रमाच्या आठवड्यात पुन्हा तपासा. केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर ठेवा, ४५ ते ५५ टक्के बरं. कोणाकडून आर्चटॉप (फुगीर टॉपची पोकळ गिटार) मागून घेणार असाल तर त्याचा ब्रिज नुसता ताणावर उभा असतो. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज जागेवरून सरकतो.

गिरगाव_वॉकिंग

सोलोंबद्दल. वेसची सुरुवातच नकलेतून झाली. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्याने रेकॉर्डवरून कानाने उतरवले, आणि इंडियानापोलिसमध्ये पहिलं क्लबचं काम मिळालं तेही तेच सोलो वाजवण्याचं. तेव्हा घोकण्यात कमीपणा नाही. घरी तीन सोलो पूर्ण उतरवा, रेकॉर्डिंग ७० टक्के वेगावर ठेवून, आधी तोंडाने म्हणून, मग गिटारवर. स्टेजवर मात्र त्यातला एखादाच कोरस (गाण्याचं एक पूर्ण आवर्तन) वाजवा आणि पुढे स्वतःचं. गिटारवादक एमिली रेमलरचा १९८८ चा आणि पॅट मार्टिनोचा २००६ चा, असे वेसला वाहिलेले दोन अल्बम शेजारी ठेवून ऐका. मार्टिनोचा तर पिक आहे, आवाज कडक आहे, तरी वेस जागोजागी दिसतो.

उचलायची असेल तर त्याची सोलोची बांधणी उचला: आधी एकेरी स्वर, मग ऑक्टेव्ह, मग कॉर्ड. प्रत्येक टप्प्याला निदान एक पूर्ण कोरस द्या. घाई करून पहिल्याच कोरसमध्ये ऑक्टेव्हवर गेलात तर पुढे चढायला जागा उरत नाही. कॉर्डच्या टप्प्यासाठी वरच्या चार तारांवर जी मायनर सिक्स या कॉर्डची चारही इन्व्हर्जन्स (तेच स्वर वेगळ्या क्रमाने) आणि त्यांच्या मध्ये एफ शार्प डिमिनिश्ड, एवढं पक्कं करा. वेसच्या ‘फोर ऑन सिक्स’ या गाण्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

गाणी मुख्यतः जानेवारी १९६० मध्ये रेकॉर्ड झालेल्या, रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीच्या अल्बममधून घ्या. ‘फोर ऑन सिक्स’, ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’, ‘डी-नॅचरल ब्लूज’ आणि संथ चालीत ‘पोल्का डॉट्स अँड मूनबीम्स’. जोडीला १९६२ चं ‘फुल हाउस’ आणि चार्ली ख्रिश्चनचं एक, कारण वेसचा गुरू सेटमध्ये असायलाच हवा. ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ आणि ‘फुल हाउस’ दोन्ही तीनच्या तालात आहेत, लागोपाठ ठेवू नका. ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ बी फ्लॅटमध्ये आहे, पण दुसऱ्या बारला ए फ्लॅट सेव्हन आणि चौथ्याला बी मायनर-ई सेव्हन येतं. पियानोवाल्याने सवयीने साधा ब्लूज धरला तर तुमची ओळ तिथे आपटेल. ‘फोर ऑन सिक्स’चा सुरुवातीचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) बेसवाल्याला आठवडाभर आधी द्या, कागदावर नको, ऐकून बसवू दे.

माटुंगा_मायनर

खूप आभार. आवाजाचं एकच राहिलं. टोनचं बटण पूर्ण बंद केलं की गोल आवाज येतो, पण पियानोखाली गिटार गाडली जाते.

चौथी_तार

बटण उघडा. अंगठा आणि फ्लॅटवाउंड मिळून आवाज आधीच गोल करतात, त्यावर टोन बंद केला की चिखल होतो. वेसचं रेकॉर्डिंग नीट ऐकलंत तर प्रत्येक स्वराची सुरुवात स्वच्छ ऐकू येते. नेक पिकअप, टोन ६ ते ७, व्हॉल्यूम ८. अँपवर बेस ३, मिड ६, ट्रेबल ४-५ पासून सुरू करा, रिव्हर्ब अगदी थोडा. अँप स्टुलावर ठेवून बाजूला उभे राहा. गिटार घुमू लागली तर १०० ते २०० हर्ट्झचा पट्टा उतरवून बघा आणि एफ-होलमध्ये (गिटारच्या टॉपवरच्या f आकाराच्या भोकांत) फोम बसवा. पियानोवाल्याला सांगा की तुम्ही कॉर्डच्या टप्प्यावर आलात की त्याने हात उचलायचा. दोघं एकाच सप्तकात कॉर्ड वाजवत राहिले तर कुठलंही बटण उपयोगाचं नाही.

हॉल एसी असेल तर अर्धा तास आधी पोचून केस उघडून ठेवा आणि पहिल्या गाण्याच्या आधी पुन्हा सूर लावा.