दुसरीची हातच्याची वजाबाकी ज्ञानरचनावादी (मुलं कृतीतून स्वतः शिकतात त्या) पद्धतीने कशी घ्यावी?

प्रश्न (दिंडोरी तालुका, जि. प. शाळा)
द्विशिक्षकी शाळा. दुसरी-तिसरी एकत्र, पट ३०, त्यात दुसरीची १६ मुलं. तळफळा (भिंतीवर खाली, मुलांच्या हाताला येईल असा फळा) रंगवलाय, साहित्यपेटी आहे. पण गटात बसवलं की दोघं-तिघं सोडवतात, बाकीचे उतरवून घेतात. गोंगाट वाढला की पुन्हा खडू-फळा. काय बदलावं?

उत्तर १
सहा-सहाचे गट मोडा, जोड्या करा. एकाच्या हातात काड्या, दुसऱ्याच्या हातात पाटी. दर गणिताला अदलाबदल. मग उतरवायला वावच उरत नाही.

प्रत्येक जोडीला दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या. आठ जोड्यांना ४१६ काड्या लागतात, खराट्याच्या चालतील. सुरुवातीला खेळातल्या नोटा नकोत. गठ्ठा सुटताना दिसतो, दहाची नोट सुटत नाही.

पद्धत सांगू नका. फक्त म्हणा, "यातल्या २७ मला द्या." दोन सुट्यांतून सात निघेनात की मुलं अडतात. इथेच आपण "शेजारून एक घे" म्हणून मोकळे होतो आणि तास पुन्हा आपला होतो. दोन-तीन मिनिटं गप्प राहा, कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढतंच. कुणी ३५ उरल्या म्हटलं तर पुसू नका. ३५ आणि २७ मिळवायला लावा. काड्या ५२ आणि बेरीज ६२ आली की वाद आपोआप सुरू होतो.

उत्तर २
सर, पद्धत पटली, पण ५२ वजा २७ बदला. लहान अंक मोठ्यातून वजा करणाऱ्याचं उत्तर ३५, आणि गठ्ठा सोडूनही दशक कमी न करणाऱ्याचंही ३५. चूक कुठली ते कळणार कसं? ५२ वजा २८ द्या: बरोबर २४, पहिली चूक ३६, दुसरी ३४. शेवटची पाच मिनिटं असंच एक गणित एकेकट्याला पाटीवर द्या. ३६ वाल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या; ३४ वाल्यांना फक्त गठ्ठा सोडल्यावर उरलेले दशक लिहायची सवय हवी. आकारिक मूल्यमापनाच्या (शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीत 'प्रगती समाधानकारक' लिहिण्यापेक्षा हे लिहा.

उत्तर ३
तिसरीला तेवढा वेळ तळफळ्यावर स्वतः उदाहरणं तयार करून एकमेकांना घालू द्या. घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारी मुलं असतील तर जोडीत कोकणीतच बोलू द्या, 'दशक-एकक' नंतर येऊ दे. आणि गोंगाटाबद्दल कुणी विचारलंच, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ दाखवा. कृती आणि शोधातून, बालकेंद्री शिकणं त्यात लिहिलेलंच आहे.